बावचीचं तेल आणि गच्चीतलं ऊन

सुनीता, ३०२: ग्रुपवर आलेलं ना, ‘महागड्या सीरमऐवजी बावचीचं तेल लावा’? परवा सकाळी लावलं आणि गच्चीवर पापड घालत दीड तास बसले. काल संध्याकाळी गाल लालभडक, आज हनुवटीवर दोन फोड.

राणे, १०१: ते मीच टाकलेलं 🙏 पण आयुर्वेदिक आहे ना? त्यानं कसं होईल?

मेघना, ६०४: राणेकाका, बिब्बापण आयुर्वेदातलाच. उतला की कळतं! काकू, बावचीत सोरालेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं, त्यातही यूव्हीए किरण, की कातडी भाजते. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. कोडावर बावची लावून उन्हात बसवायचे ते याचसाठी. डॉक्टरही सोरालेन देतात, पण यूव्हीए मोजून. गच्चीवर कोण मोजणार? सीरममधलं बाकुचिओल बावचीच्याच बियांचं, पण शुद्ध केलेलं. कच्चं तेल म्हणजे ते नव्हे.

सुनीता, ३०२: अगबाई. लिंबू-कोरफड लावू?

मेघना, ६०४: लिंबू तर मुळीच नको, त्याच्या सालीतही हीच भानगड. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, फोड फोडू नका, आजच स्किनवाल्या डॉक्टरांकडे जा. बाटली सोबत न्या.

विनायक, ४०३: आमच्याकडे कुंडीतली कोरफड कापून थेट तोंडाला 😬

मेघना, ६०४: पान आधी उभं ठेवून पिवळा चीक निथळू दे. खाज त्याचीच.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ पाणी बंद. टाकी साफ होणार.

शुभदा, २०१: मला गाजरगवताची ॲलर्जी आहे. कॅमोमाइलचं क्रीम चालेल?

मेघना, ६०४: शेवंती, झेंडू, कॅमोमाइल, गाजरगवत, सगळी एकाच कुळातली. तू डॉक्टरांना विचारूनच घे. बाकीच्यांनी नवीन काहीही आणलं तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं, दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून बघा. एका रात्रीत ॲलर्जी कळेलच असं नाही.

राणे, १०१: सुनीताताई, चुकलंच माझं. गाडी काढतो, पाच मिनिटांत खाली या.

मेघना, ६०४: काकू, चेहऱ्यावरून ओढणी घ्या. यूव्हीए गाडीच्या खिडकीतूनही येतो.

सुनीता, ३०२: घेते. कुणीतरी वरचे पापड उतरवा, कावळे बसलेत.