मॅक्स बॉर्न म्हणजे हायझेनबर्गचा नुसता गाईड? मला हे अजिबात मान्य नाही

खडूधूळ
आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या समूहात परवा एक पोस्ट फिरली. तिचा आशय असा: जून १९२५ मध्ये तेवीस वर्षांचा हायझेनबर्ग परागकणांच्या ॲलर्जीने बेजार होऊन हेल्गोलँड बेटावर गेला, तिथे एकट्याने क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम, शोधून परतला, आणि त्याचा गाईड, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न याने मागाहून त्यात आपलं नाव घुसवलं. वर शेरा, 'नोबेल समितीलाही हे कळलं होतं, म्हणून बक्षीस एकट्याला.' वाचून डोक्यात तिडीक गेली. तिथे दोन ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे, बॉर्न त्याचा गाईड नव्हताच. हायझेनबर्गची पीएचडी म्युनिकला, सोमरफेल्टकडे, १९२३ ची. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात तो बॉर्नचा सहायक होता. बेटावरून परतल्यावर त्याने जुलैत लेख बॉर्नच्या हातात ठेवला. दोन-दोन निर्देशांकांच्या राशी आणि त्यांच्या गुणाकाराचा एक विचित्र नियम त्यात होता. क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे हायझेनबर्गला स्वतःलाच खटकत होतं. बॉर्न काही दिवस त्या नियमाशी झगडत राहिला, आणि मग त्याला ब्रेस्लाऊला रोझानेसकडे शिकलेलं बीजगणित आठवलं. हे तर मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकड्यांचे तक्ते! पी म्हणजे संवेगाचा तक्ता, क्यू म्हणजे स्थानाचा; पी-क्यू वजा क्यू-पी ही राशी त्याने मांडली. त्या तक्त्याच्या कर्णावरची प्रत्येक किंमत एच (प्लांकचा स्थिरांक) भागिले दोन पाय आय येते हे त्याला दिसलं. बाकीच्या सगळ्या जागी शून्य असणार हा त्याचा अंदाज होता आणि तो सिद्ध केला त्याचा तरुण सहकारी पास्कुआल जॉर्डन याने. दोघांचा लेख सप्टेंबरअखेर गेला, हायझेनबर्गसह तिघांचा नोव्हेंबरात.

आपण आज एमएस्सीला जे शिकवतो ते या दोन लेखांतलं आहे. हायझेनबर्गचा पहिला लेख वर्गात कोणी फळ्यावर मांडून दाखवावा. आणि ग्योटिंगेनच्या दफनभूमीत ते समीकरण बॉर्नच्या थडग्यावर कोरलेलं आहे, हेही त्या पोस्टवाल्याला कोणीतरी सांगा.

एकांडा
ती पोस्ट माझी नाही, पण तिची बाजू मी घेणार. गणिताची भाषा देणं वेगळं आणि कल्पना सुचणं वेगळं. इलेक्ट्रॉनच्या कक्षा दिसत नाहीत तर त्या टाकून द्या, जे मोजता येतं तेवढ्यावरच सिद्धांत उभा करा, ही झेप हायझेनबर्गची. मॅट्रिक्स नसत्या तरी दुसऱ्या कोणी ते काम केलंच असतं. इंग्लंडात डिराक या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने हायझेनबर्गचा लेख पाहून बॉर्नच्या मदतीशिवाय आपली वाट काढलीच ना?

आणि गाईडांचं म्हणाल तर मी पोळलेलो आहे. माझ्या पीएचडीतलं मुख्य काम ज्या निबंधात छापून आलं, त्यावर पहिलं नाव साहेबांचं, दुसरं साहेबांच्या लाडक्याचं, माझं तिसरं. उपकरण मी बांधलं, रात्री मी जागलो. त्यामुळे 'वरिष्ठाचाही वाटा असतो' हे वाक्य ऐकलं की माझं पित्त खवळतं. आपल्याकडच्या निम्म्या विभागांत हेच चालतं, आणि तुमच्यासारखे शिक्षकच त्याची पाठराखण करतात.

खडूधूळ
तुमच्यावर अन्याय झाला, आणि तुमचा राग खरा आहे. पण तो बॉर्नवर का काढता? हायझेनबर्गचा तो लेख 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक' या नियतकालिकाकडे पाठवला बॉर्ननेच, आणि पाठवला तो एकट्या हायझेनबर्गच्या नावाने. तुमच्या साहेबांनी हे केलं असतं का?

डिराकचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो मी खोडत नाही. फक्त 'दुसऱ्या कोणी केलंच असतं' हा न्याय सगळ्यांनाच लागू होतो. हायझेनबर्गलाही.

रसायनी
मला यात वेगळंच दुखतं. अकरावी-बारावीला सोडियम क्लोराइडची जालक ऊर्जा, म्हणजे स्फटिकातले आयन बांधून ठेवणारी ऊर्जा, काढायला बॉर्न-हेबर चक्र असतं. क्लासवाले ते पाठ करून घेतात. वरच्या वर्गांना रेणूंसाठी बॉर्न-ओपेनहायमर सन्निकटन. 'सर, हा बॉर्न कोण?' असं एकदाही कुणी विचारलेलं नाही. ओपेनहायमर सगळ्यांना ठाऊक. तो ग्योटिंगेनला बॉर्नकडेच पीएचडी करत होता, १९२७ ला झाली. चर्चासत्रात तो इतका मध्येमध्ये बोलायचा की बाकीच्या विद्यार्थ्यांनी बॉर्नकडे लेखी तक्रार दिली. पुढाकार मारिया ग्योपर्टचा. तिला स्वतःला १९६३ ला नोबेल मिळालं. बॉर्नला तोंडावर बोलायचं जिवावर आलं. त्याने ओपेनहायमर येणार त्या वेळी तो कागद टेबलावर त्याला दिसेल असा ठेवला आणि स्वतः खोलीबाहेर गेला. असा माणूस दुसऱ्याच्या शोधात नाव घुसवणार?

एकांडा
भिडस्त माणूस श्रेय घेत नाही असं कुठे लिहिलंय? स्वभावावरून इतिहास ठरत नाही.

बंगळूरकर
भिडस्तपणाचं निघालंच आहे तर बॉर्नचं बंगळूर प्रकरण सांगते. माहेर कोल्हापूर, पण आयुष्य इथे गेलं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या आवारातून मी रोज फिरायला जाते.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू म्हणून बॉर्नला ग्योटिंगेनच्या पदावरून दूर केलं. केंब्रिजला तात्पुरती सोय झाली. १९३५ च्या हिवाळ्यात इन्स्टिट्यूटचे संचालक रामन यांनी त्याला इथे बोलावलं. सहाएक महिने तो सपत्नीक इथे राहिला, व्याख्यानं दिली, नागेंद्र नाथ यांच्याबरोबर लेख लिहिला. रामन यांना तो कायमचा हवा होता. प्राध्यापकांच्या बैठकीत ठराव आला, तेव्हा ॲस्टन नावाचे इंग्रज प्राध्यापक उठले आणि बॉर्नच्या समोर म्हणाले की स्वतःच्या देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आपल्याला नको. हे बॉर्नने स्वतः आठवणींत लिहिलंय. घरी जाऊन तो बायकोजवळ रडला. नंतर १९३६ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने त्याला टेट यांच्या नावाच्या अध्यासनावर प्राध्यापक नेमलं.

जगातला पहिल्या रांगेतला भौतिकशास्त्रज्ञ दारात आला होता आणि आपण त्याला जाऊ दिलं! याची मला आजही चीड येते.

निवृत्त मास्तर
ताई, 'आपण' म्हणू नका. बोलणारा इंग्रज होता. रामन एकटे लढत होते.

बंगळूरकर
मास्तर, बोलणारा इंग्रज, पण त्या बैठकीतलं वातावरण एकट्या ॲस्टनने तयार केलं नव्हतं. रामन यांची संचालक म्हणून कामाची पद्धत एकहाती होती. लोक दुखावले होते, चौकशी समिती आली आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावं लागलं. बॉर्न त्या भांडणात भरडला गेला. माझे सासरे अशाच एका संस्थेत होते. तिथल्या नेमणुकांत उमेदवाराची लायकी कोणी पाहत नसे, तो कोणाचा माणूस हेच पाहत.

निवृत्त मास्तर
रामन यांच्यावर चिखलफेक करायला हा धागा नाही! ज्या माणसाने कलकत्त्यात बसून भारताला विज्ञानातलं नोबेल मिळवून दिलं, त्याच्याबद्दल 'एकहाती' वगैरे शब्द वापरताना थोडं भान ठेवा. माणसं जोडणाऱ्याला बंगळूर उभं करता आलं नसतं.

मूलकण
मास्तर, आदर राखूनही बोलता येतं. रामन-बॉर्न वादात रामन चुकले, हे मान्य करायला काय हरकत आहे? स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांचा सिद्धांत बॉर्न आणि फॉन कारमान यांचा, १९१२ चा. त्यात कंपनांचा सलग पट्टा येतो. हिऱ्याच्या वर्णपटात टोकदार रेषा दिसल्यावर रामन म्हणाले, हा सिद्धांतच खोटा, हिऱ्याला मोजक्या आठच वारंवारता आहेत. चाळीसच्या दशकात हे भांडण पेटलं. एडिंबरोला बॉर्नच्या विद्यार्थिनीने, हेलन स्मिथने, १९४८ मध्ये आकडेमोड करून दाखवलं की सलग पट्ट्यातूनही तशी टोकं निघतात. पुढे न्यूट्रॉनांच्या प्रयोगांनी कंपनं थेट मोजली गेली आणि बॉर्नची बाजू टिकली. रामन यांनी शेवटपर्यंत माघार घेतली नाही.

निवृत्त मास्तर
प्रयोगांचं मान्य. ते मी कधी नाकारलं नव्हतं. पण हिऱ्याच्या त्या रेषा दिसल्या कोणामुळे? बंगळूरच्या प्रयोगशाळेत आर. एस. कृष्णन यांनी छायाचित्रं घेतली म्हणूनच एडिंबरोला आकडेमोड करावी लागली. आणि ज्या माणसाशी पुढे एवढं वैर आलं, त्याला नोकरी मिळावी म्हणून आधी झगडले तेही रामनच. तेवढं लिहा आणि मग काय ते चुकले म्हणा.

मूलकण
लिहिलं समजा. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर.

एकांडा
हिरे, बंगळूर, सासरे सगळं झालं. मूळ प्रश्नाचं काय? बॉर्नला १९५४ मध्ये नोबेल मिळालं ना? तेही त्याच्या स्वतःच्या कामाला: तरंगफलन, म्हणजे कणाची अवस्था सांगणारी गणिती राशी, संभाव्यता दाखवतं या अर्थाला. म्हणजे समितीने दोघांना ज्याचं त्याचं दिलं. मग अन्याय कुठला? उगाच बिचारा करू नका त्याला.

खडूधूळ
बिचारा मी कुठे म्हटलं? संभाव्यतेचं काम त्याचं एकट्याचं आणि अफाट आहे. जून १९२६ चा तो टक्करींवरचा लेख उघडून बघा. मजकुरात तो म्हणतो की कण कुठे जाईल याची संभाव्यता तरंगफलनातल्या राशीने ठरते. मग मुद्रितं तपासताना तळटीप घालतो की नीट विचार केल्यावर ती राशीच्या वर्गाच्या प्रमाणात येते. आज जगभर पहिल्या तासाला शिकवतात तो नियम एका तळटिपेत आहे! आईनस्टाईनने त्याच वर्षी डिसेंबरात देव फासे टाकत नाही या आशयाचं पत्र लिहिलं, तेही बॉर्नलाच. त्या नियमाच्या नोबेलसाठी अठ्ठावीस वर्षं थांबावं लागलं, निवृत्तीनंतर बक्षीस आलं, तेही वाल्टर बोटे या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर विभागून.

पण मी बोलतेय ते १९२५ बद्दल. हायझेनबर्गचं १९३२ चं नोबेल 'क्वांटम मेकॅनिक्सच्या निर्मितीसाठी' आहे. जाहीर झालं नोव्हेंबर १९३३ मध्ये. त्याच महिन्यात त्याने बॉर्नला पत्र लिहिलं: काम तू, जॉर्डन आणि मी मिळून ग्योटिंगेनला केलं, बक्षीस मला एकट्याला, हे मनाला लागून राहिलंय. पद, देश, सगळं गमावलेल्या माणसाला आलेलं हे पत्र आहे. ज्याच्या वतीने तुम्ही भांडताय त्याचीच ही कबुली, आता आणखी कोणाची साक्ष काढू?

एकांडा
पत्राचं मला ठाऊक आहे. वाईट वाटणं हा माणसाचा चांगुलपणा झाला, त्याने वाटणी ठरत नाही. तरी ठीक. १९२५ च्या कामापुढे तीन नावं लिहा, मी अडवणार नाही. पहिलं हायझेनबर्गचंच राहील, एवढं ऐकून ठेवा. पण मग जॉर्डनचंही लिहावं लागेल, आणि तो १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला होता. बॉर्नला देशोधडीला लावणाऱ्यांचा माणूस. जॉर्डनमुळेच समितीने तिघांना एकत्र बक्षीस दिलं नाही असं बरेच जण म्हणतात. लिहाल त्याचं नाव?

रसायनी
मी नाही लिहिणार. बॉर्नचं घर ज्यांनी मोडलं त्यांच्यात सामील झालेल्या माणसाला मान कसला?

खडूधूळ
मी लिहीन. पक्षात जाणं हे त्याचं पाप, तेही त्याच्या नावापुढे लिहीन, झाकणार नाही. पण ती शून्यं सिद्ध केली त्यानेच. बॉर्नने त्याला त्या कामातून कधी वगळलं नाही, मग मी कोण वगळणार? पुढच्या सत्रात फळ्यावर हायझेनबर्ग, बॉर्न, जॉर्डन ही तिन्ही नावं येतील, आणि त्या समूहातल्या पोस्टखाली आजच रात्री टाकते.