बोललात, मग पुढे काय झालं?

बाईवर काही प्रसंग आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?" मला त्याच्या पुढचं विचारायचं आहे. तुम्ही बोललात. कंडक्टरशी, आईशी, साहेबांशी, पोलीस ठाण्यात, ग्रामसभेत. ऐकणाऱ्याने काय केलं?

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. ती बोलली. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. राजस्थानात भंवरीदेवी सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेल्या, त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्याही बोलल्या. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडलं, पण त्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. आज आपल्या हातात जे कायदे आहेत ते या दोघींच्या बोलण्यातून आलेले आहेत, आणि त्या दोघींच्या पदरात मात्र न्याय पडला नाही. ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करते.

म्हणून लिहा. मोठं-लहान कसंही. गाव लिहिलंत तरी चालेल, पण कुणाची ओळख पटेल असं नको. पुरुषांनीही लिहा, ऐकणारे बरेचदा तेच असतात. तुमची उत्तरं इथेच खाली येतील.

बार्शी, विद्यार्थिनी

मी बार्शीहून सोलापूरला एसटीने कॉलेजला जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्या दोन मैत्रिणींचं शिक्षण त्यामुळेच सुरू राहिलं, हे आधी सांगते, कारण "सवलत दिली म्हणून गर्दी झाली, गर्दी झाली म्हणून असले प्रकार" असं म्हणणारे खूप भेटतात.

त्या दिवशी मागच्या माणसाचा हात सीट आणि खिडकीच्या मधल्या फटीतून पुढे येत होता. पहिल्यांदा वाटलं झोपेत असेल. मी पुढे सरकले, हातही पुढे आला. मी उठून उभी राहिले आणि ओरडले. कंडक्टरकाकांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. तिकिटाचं मशीन खांद्याला लावलं, घंटी मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "वैरागात स्टँडला नंतर, आधी पोलीस ठाण्यात घे."

गाडीत कुरकुर सुरू झाली. एक जण म्हणाला, "जाऊ दे की पोरी, माझी आज कोर्टात तारीख आहे." माझ्या शेजारची आजी त्याला म्हणाली, "माझी बी तारीखच हाय. मी थांबते, तुला काय झालं?"

कंडक्टरकाकांनी स्वतःचा जबाब दिला, साक्षीदार म्हणून सही केली. केस अजून चालू आहे. मागच्या तारखेला ते ड्यूटी बदलून आले होते.

पुणे, अकाउंट्स

माझी गोष्ट मोठी आहे, पण ज्यांचं ऑफिस लहान आहे त्यांच्यासाठी सगळीच लिहिते.

आम्ही सात जण होतो. मालक स्वतःच त्रास द्यायचा. रात्री उशिरा मेसेज, "काम समजावतो" म्हणून खुर्चीला खुर्ची लावून बसणं, आणि मी बाजूला झाले की दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत व्हाउचर फेकून चुका काढणं. मला वाटायचं की तक्रार समिती वगैरे मोठ्या कंपन्यांत असते. अंतर्गत समितीची सक्ती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच आहे, हे खरं. पण दहाच्या आत असलेल्यांसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते. घरकाम करणाऱ्या बायकाही तिथे जाऊ शकतात. हे मला कुणी वकिलाने नाही, आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं. त्यांच्या संघटनेच्या बैठकीत त्यांना कळलं होतं.

शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. मी मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेनुसार लावले, कोणत्या दिवशी कोण समोर होतं ते लिहिलं. चौकशीला नव्वद दिवसांची मुदत असते. माझ्या चौकशीला त्याहून जास्त वेळ लागला.

ज्या सहकारी मुलीने मला म्हटलं होतं की "माझ्याशी पण असंच", तिने समितीसमोर "मला काही माहीत नाही" असं सांगितलं. तिच्या घरी तिच्या पगारावर आजारी वडील आणि शिकणारा भाऊ आहे. मला तिचा राग येत नाही. राग येतो तो ऑफिसातल्या दोन पुरुषांचा, ज्यांना दुसरी नोकरी सहज मिळाली असती आणि तरी जे खाली मान घालून बसले.

निकाल माझ्या बाजूने लागला. भरपाई मिळाली. पण आमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. मुलाखतीत "आधीची नोकरी का सोडली?" विचारलं की मी खरं सांगते, आणि समोरच्याचा चेहरा बदलतो. दोन ठिकाणी हातातली नोकरी गेली. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी माझं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कधी येता?" आता तिथेच आहे.

डोंबिवली

रात्रीची लोकल, लेडीज डबा, आम्ही चौघीच. एक माणूस चालत्या गाडीत शिरला आणि दारात उभा राहून घाणेरडे हावभाव करू लागला. पोलीस डब्यात नव्हता. आम्ही चौघी एका बाकावर आलो, एकीने रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला फोन लावला, एकीने व्हिडिओ काढला. पुढच्या स्टेशनवर माणसं आली आणि त्याला उतरवलं. म्हणजे फोन चालतो. नंबर पाठ असू द्या, नेट गेल्यावर शोधत बसता येत नाही.

चिपळूण, गृहिणी

लग्नानंतरचा माझा पहिला गणपती. नणंदेचे यजमान आले होते. जावई म्हणजे घरात त्यांच्या शब्दाला केवढा मान! पाणी देताना, ताट वाढताना त्यांचा हात मुद्दाम लागत होता. माजघरात अंधारात वाट अडवली तेव्हा मी घाबरले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताईचा संसार आहे, दोन दिवस सांभाळून घे."

मी सासूबाईंकडे गेले. त्या विळीवर नारळ खवत होत्या. मी कशीबशी दोन वाक्यं बोलले. त्यांनी अर्धी राहिलेली वाटी तशीच ताटात ठेवली, विळी मिटवली, हात पदराला पुसले आणि ओटीवर गेल्या. तिथे सगळे पुरुष पत्ते खेळत होते. म्हणाल्या, "जावईबापू, आमच्या सुनेची वाट अडवायची नाही. आरतीनंतर निघायचं." एवढंच. घरात सूतक पडल्यासारखी शांतता.

नणंद दोन वर्षं माहेरी आली नाही. नात्यातल्या लोकांनी सासूबाईंना बोल लावले, मला तर लावलेच. मग एका पहाटे नणंदच मुलीला घेऊन दारात आली. दंडावर वळ होते. ती सासूबाईंना म्हणाली, "तू तिचं ऐकलंस, म्हणून आले." २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करायला आम्ही तिघी मिळून गेलो. सासूबाई सातवी शिकलेल्या. आता नाहीत.

निफाड, शेतकरी

सुरक्षितता म्हणजे फक्त रस्त्यावरची नाही, म्हणून हे लिहिते. ज्या बाईच्या नावावर काही नाही, तिला मार खाऊनही त्याच घरात राहावं लागतं.

वडील २००३ मध्ये गेले. जमीन वडिलोपार्जित, वाटणी झालेली नव्हती. भावाने दिवाळीला बोलावलं, साडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "निबंधकाकडे जाऊन येऊ, एक सही पाहिजे." ते हक्कसोड पत्र होतं. माझ्या दोन्ही बहिणींनी सही केली. आमच्याकडे ही रीतच आहे, बहीण हक्क सोडते आणि त्या बदल्यात माहेर राखते.

मी म्हटलं, मला विचार करू दे. महाराष्ट्राने मुलींना जन्मतः वाटा देणारा कायदा १९९४ मध्येच केला होता, देशाच्या अकरा वर्षं आधी. पण तो त्याआधी लग्न झालेल्यांना लागू नव्हता, आणि माझं लग्न १९९१ चं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. तरी भावाचा वकील म्हणायचा, वडील २००५ च्या आधी वारले, तुमचा जन्मतः हक्क नाही. तो वाद ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही.

सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. भाऊ बोलत नाही. राखी पोस्टाने पाठवते, पोचते की नाही ते कळत नाही. वहिनीने मात्र एकदा बाजारात हात धरून विचारलं, "ताई, माझ्या माहेरच्या जमिनीचं कसं करायचं?"

नागपूर, भाऊ

बहिणीच्या मागे एक मुलगा महिनाभर गाडी घेऊन फिरत होता. तक्रार द्यायला गेलो. ड्यूटीवरच्या माणसाने सगळे प्रश्न मला विचारले. ती कुठे जाते, किती वाजता येते, तिचं कुणाशी काही होतं का. ती माझ्या बाजूच्याच खुर्चीवर बसली होती. मी शेवटी म्हटलं, "मी बाहेर बसतो, तक्रार तिची आहे," आणि उठलो. मग त्याला तिच्याशीच बोलावं लागलं. आधी "हे आमच्या हद्दीत येत नाही" असंही झालं. हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायलाच लागतो, हे बहिणीने कलमासकट सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ वं कलम. ती लॉ करते, म्हणून निभावलं. जिला कलम माहीत नाही तिला तिथूनच परत पाठवलं असतं.

मराठवाडा, माजी सरपंच

पन्नास टक्के आरक्षण आलं म्हणून मी सरपंच झाले, आणि त्यातही आमच्या वस्तीतली पहिली. पहिल्या बैठकीला माझी खुर्ची भिंतीकडे होती आणि मधल्या खुर्चीवर उपसरपंच. ग्रामसेवक कागद माझ्या मालकांपुढे सरकवायचे. मालक म्हणायचे, "सही त्यांची लागते, त्यांना द्या." हे त्यांनी दर वेळी म्हटलं, न कंटाळता.

मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची. मी खरी घेतली. विषय निघाला एसटी फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याचा. संध्याकाळच्या गाडीने येणाऱ्या पोरी अंधारात चालत यायच्या, म्हणून आठवीनंतर पाचसहा घरांनी शाळा बंद केली होती. दिव्यांचा ठराव केला. मुख्य सभेत एक जण उठून म्हणाला, "तुमच्या वस्तीकडेच रस्ता जातो म्हणून दिवे पाहिजेत." मी म्हटलं, रस्ता शाळेकडूनही येतो. ठराव पास झाला, खांब लागायला वर्ष गेलं. आता बल्ब गेला की पोरी थेट ग्रामपंचायतीत येऊन सांगतात.

शिरोळ तालुका

हेरवाड आमच्या जवळच. मे २०२२ मध्ये त्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, नंतर सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. माझे मालक त्यानंतर वारले. बांगड्या फोडायला आलेल्या बायकांना मी नको म्हटलं. धाकट्या जावेनं पुढं होऊन माझे हात तिच्या हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. आलेल्या बायका जरा वेळ बसल्या आणि गेल्या.

एक प्रश्न

पुण्याच्या ताईंना विचारायचं आहे. माझी धाकटी बहीण एका छोट्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. डॉक्टरांच्या भावाने त्रास दिला, तिने नोकरी सोडली. घटनेला आता चार महिने होत आले. तेव्हा ती इतकी घाबरली होती की घरीही बोलली नव्हती, परवा बोलली. मुदत गेली का?

पुणे, अकाउंट्स

तीन महिन्यांची गेली, पण वाट बंद झालेली नाही. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकते. ती का बोलू शकली नाही ते तक्रारीतच लिहा, तिच्याच शब्दांत. डॉक्टरांना दाखवलं असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी जोडा. नोकरी सोडली म्हणून हक्क जात नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे स्थानिक समितीची चौकशी करा, पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. केंद्राच्या शी-बॉक्स या ऑनलाइन पोर्टलवरूनही तक्रार करता येते. तुम्ही सोमवारी जाणार असाल तर मी सुट्टी टाकते, बरोबर येते.