रि: नवऱ्याचं ४०१के आणि पेन्शन, सही करू का?

मॉडरेटरमार्फत, नाव न देता

नमस्कार मंडळी, नाव देत नाहीये, समजून घ्या. सॅन होजेला असतो, लग्नाला १७ वर्षं झाली, आता वेगळे राहतोय, घटस्फोटाचे पेपर फाइल झालेत. नवऱ्याचं ४०१के (कंपनीतलं निवृत्तीचं खातं) आहे, आधीच्या काउंटीच्या नोकरीची पेन्शन आहे, आणि लग्नानंतर पुण्यात होतो तेव्हाचा त्याचा पीएफ तसाच पडलाय. तो म्हणतो हे सगळं माझ्या पगारातून कापलेलं, तू घर घे आणि विषय संपव. मुलं लहान असताना मी घरीच होते, माझं असं फार काही साठलेलं नाही. सही करू का?

फ्रीमॉन्ट

ताई, सही अजिबात करू नका!! कॅलिफोर्नियात लग्नापासून वेगळे होईपर्यंत जे कमावलं ते दोघांचं, अर्धं अर्धं, खातं कुणाच्याही नावावर असो. पेन्शन सुरू झालेली नसली, अगदी अजून व्हेस्ट झाली नसली (म्हणजे तिच्यावर त्याचा पक्का हक्क लागला नसला) तरी, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने १९७६ सालीच ब्राउन केसमध्ये ठरवून टाकलंय. हिशोब सोपा आहे, समजा नोकरी २० वर्षांची आणि त्यातली १५ लग्नातली, तर पेन्शनचा ७५% भाग सामाईक, त्यातले साडेसदतीस टक्के तुमचे. म्हणूनच वेगळं झाल्याची तारीख कुठली धरतात तिकडे नीट लक्ष ठेवा, ती मागे ओढली की तुमचा वाटा कमी.

आणि मेन गोष्ट, डिक्रीत (घटस्फोटाच्या निकालात) लिहिलं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. ४०१केसाठी क्वाड्रो (QDRO) नावाची, खात्यातला तुमचा वाटा तुम्हाला द्या असं प्लॅनला सांगणारी, कोर्टाची वेगळी ऑर्डर लागते, ती आधी प्लॅनवाल्यांकडून तपासून घ्यायची, मग जजची सही, मग परत प्लॅनकडे. काउंटीच्या पेन्शनला तर त्या प्लॅनलाच केसमध्ये पक्षकार करून घ्यावं लागतं आणि त्यांचा ऑर्डरचा नमुना वेगळा असतो. माझ्या एका मैत्रिणीची डिक्री झाली, क्वाड्रो "नंतर बघू" म्हणून राहिली, तोवर त्याने नोकरी बदलून पैसे दुसरीकडे हलवले, आता शोधत बसलीये बिचारी. डिक्री आणि क्वाड्रो एकदमच करा.

मिलपिटास

२१ उकडीचे मोदक माझ्याकडून धरा, नारळ मात्र फ्रोजन चालेल ना?

मॉडरेटर

काका/काकू, गणपतीचा धागा वेगळा आहे 🙏

सनीव्हेल

टॅक्सचं बोलतो, आयुष्यभर तेच केलंय. घराची इक्विटी (किंमत वजा कर्ज) आणि ४०१के डॉलरला डॉलर धरू नका. ४०१के नेहमीचं (टॅक्स न भरता साठवलेलं) असेल तर काढताना प्रत्येक डॉलरवर इन्कम टॅक्स, राहतं घर विकलं तर एकट्या माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावरचा टॅक्स माफ होऊ शकतो. त्यामुळे घर घेणं कधीकधी फायद्याचंही असतं, पण आकडे मांडून, नवरा म्हणतो म्हणून नाही! दुसरं, क्वाड्रोने आलेले पैसे थेट प्लॅनमधून काढलेत तर वय साडेएकोणसाठच्या आत असलं तरी १०% पेनल्टी नाही (टॅक्स आहेच, २०% आधीच कापून देतात). तेच पैसे आधी आयआरएत (स्वतःच्या नावाच्या निवृत्ती खात्यात) टाकून मग काढलेत तर पेनल्टी बसते. वकिलाच्या फीपुरते वगैरे थेट काढा, उरलेले रोलओव्हर, म्हणजे आयआरएत वळवा.

पुण्याचा पीएफ लग्नानंतरचा आहे म्हणजे इथलं कोर्ट तोही जवळजवळ सामाईकच धरतं. क्वाड्रो तिकडे चालत नाही, म्हणून त्याची किंमत काढून तेवढं इथल्या खात्यातून वळतं करून घ्या. मी मूळचा मडगावचा, आमच्याकडे पोर्तुगीजांच्या वेळच्या सिव्हिल कोडमुळे आधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईकच, मला यात नवीन काही वाटत नाही, पुण्या-मुंबईच्या मंडळींना मात्र पहिल्यांदा ऐकून घामच फुटतो.

मॉडरेटरमार्फत, नाव न देता

खूप खूप आभार. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तीवेतन) पण अर्धी होते का?

सनीव्हेल

नाही, ती कोर्ट वाटत नाही, फेडरल आहे. पण लग्न १० वर्षं टिकलेलं असेल, तुमचं वय ६२ झालं आणि परत लग्न केलेलं नसेल तर त्याच्या रेकॉर्डवर जास्तीत जास्त त्याच्या पूर्ण रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळू शकते, तुमची स्वतःची त्याहून कमी असेल तर. त्याचे एक पैसाही कमी होत नाहीत आणि त्याची परवानगीही लागत नाही.

मॉडरेटरमार्फत, नाव न देता

सही केली नाही. क्वाड्रो करणारं कुणी माहितीतलं असेल तर मॉडरेटरना खासगीत कळवा प्लीज, आणि हो, मोदकांना मी येतेय.