बांधाचा वाद चालू असताना मैत्री भावना (सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान) कशी करायची?

परभणीकर: जय भीम सगळ्यांना. आमच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं, मी जातो, सकाळी घरी आनापान (श्वासावरचं ध्यान) पण करतो. पण वावरात गेलं की सगळी शांती संपती. चुलतभाऊ दरवर्षी नांगरट करताना बांध कोरायलाय, बांधावरचं लिंबाचं झाड आता त्याच्याच वावरात दिसायलंय. वंदनेत 'सब्बे सत्ता सुखी होन्तु', म्हणजे सगळे प्राणी सुखी होवोत, असं म्हणताना नेमका त्याचाच चेहरा समोर येतो आन् दात आवळले जातात. मैत्री करायची म्हणजे बांध सोडून द्यायचा का? मनापासून विचारतोय.

नागसेनवन: दादा, तुम्ही सगळ्यात अवघड माणसापासून सुरुवात करायलात. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ध्यानावरच्या पाली ग्रंथात क्रम सांगितलाय, आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर आहे असा माणूस, मग जवळचा, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असा (तुमच्या एसटीचा कंडक्टर समजा) आणि वैरी सगळ्यात शेवटी. त्याच्यापाशी राग आलाच तर परत मागच्या माणसावर या. तिथं एक फार कामाचा प्रश्न पण आहे, तू रागावलास ते नेमकं कशावर, त्याच्या केसांवर, नखांवर, हाडांवर? आणि कशानंच जमंना तर त्याला काहीतरी द्या नाहीतर त्याच्याकडून घ्या, असंही सांगितलंय. तूर निघाली की पायलीभर पाठवून बघा.

नांदेडची ताई: मी विपश्यनेला जाऊन आलेय. दहा दिवसाच्या शिबिरात सुरुवातीला नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना आणि मंगल मैत्री दहाव्या दिवशी, म्हणजे आधी मन जरा निवळू देतात. तुम्ही म्हणलात दात आवळले जातात, तेच धरा. ट्रॅक्टरचा आवाज आला की जबडा, छाती, तळहात कुठं काय होतंय ते बघत ऱ्हा, दाबू नका आणि त्याच्या मागं पण जाऊ नका. वेदना, म्हणजे अंगातली कुठलीही संवेदना, येती, थोडा वेळ थांबती, जाती. तेवढ्या वेळात तोंडातून शब्द गेला नाही तरी लई झालं.

वकील, लातूर: बांध सोडायची काही गरज नाही. मैत्री म्हणजे हक्क सोडणं असं बाबासाहेबांनी कुठं सांगितलं? चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ ला आला, दहा वर्ष चिकाटीनं लढले. 'जाऊ दे, मला काय त्याचं' ही धम्मातली उपेक्षा (म्हणजे मनाचा समतोल) नव्हे, बेफिकिरी वरून उपेक्षेसारखीच दिसती म्हणून तिच्यापासून जास्त सांभाळायचं असतं. भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका. लगतच्या खातेदाराला नोटीस जातेच, पण ती पोचायच्या आधी तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा, सांगा की मोजणी आणतोय, खुणा निघतील त्या दोघांनी मान्य करू, माझं तुझ्याकडं निघालं तर दे, तुझं माझ्याकडं निघालं तर मी देईन. हे शेवटचं वाक्य खरोखर मनात असलं पाहिजे, तुमची साधना तिथं आहे.

परभणीकर: माझ्याकडं त्याचं निघंल हा विचारच केला नव्हता कधी. काकूशी बोलणं चालू आहे आमचं, आधी तिच्याकडं जातो. वकीलसाहेब, अर्जाला सातबाऱ्यासोबत अजून काय लागतं?