सामोआची सहावी महिला खासदार: घटनेचं पालन की सत्ता टिकवायचा खटाटोप?

मेधा_प
९ एप्रिल २०२१ ची सामोआची (प्रशांत महासागरातला बेटांचा देश) निवडणूक. ५१ जागांपैकी २५ सत्ताधारी एचआरपीपी पक्षाला, २५ नव्या फास्ट पक्षाला, एक अपक्ष. हा अपक्ष आपला कौल देण्याच्या बेतात असतानाच निवडणूक आयुक्तांनी एचआरपीपीच्या एका पराभूत उमेदवार बाईंना जादा खासदार म्हणून जाहीर केलं. आधार २०१३ च्या घटनादुरुस्तीचा: संसदेत किमान १० टक्के महिला हव्यात. निवडून आल्या होत्या पाच. ५१ चे १० टक्के ५.१, म्हणून सहा हव्यात, असा आयुक्तांचा हिशोब. अपक्ष फास्टकडे गेला आणि बहुमताऐवजी २६-२६ झालं!

माझं स्पष्ट मत: हे चुकीचं होतं. बायकांसाठी केलेली तरतूद मतदारांचा कौल अडवायला वापरली गेली. दुरुस्तीच्या मजकुरात तर 'सध्या पाच' असा आकडाच लिहिलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात ती नेमणूक रद्द केली ते योग्यच.

अविनाश
असहमत. 'सध्या पाच' लिहिलं तेव्हा जागा ४९ होत्या. जागा वाढल्या की किमान संख्याही वाढणार. पाच बायका म्हणजे ५१ मध्ये ९.८ टक्के, दहा नव्हेत. जूनमध्ये अपील न्यायालयानेही (तिथे ते सर्वोच्च न्यायालयाच्याही वर) किमान संख्या सहाच धरली. त्या बाई कोणत्या पक्षाच्या, यावरून तुम्ही तरतुदीचा अर्थ लावताय.

मेधा_प
अविनाश, त्याच निकालाचा पुढचा भाग बघा. जागा सहा, पण ती भरायची निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका संपल्यावर. माझा आक्षेप नेमका या घाईलाच आहे. त्या २६-२६ च्या आधारावर राष्ट्रप्रमुखांनी मेच्या सुरुवातीला फेरनिवडणूक जाहीर केली, ती २१ मेला व्हायची होती. तीही न्यायालयाने रद्द केली. २४ मेला सभागृह भरायचं, तर दारांना कुलपं. सरन्यायाधीश चालत दारापर्यंत आले आणि परत गेले. फास्टच्या खासदारांनी बाहेर हिरवळीवर तंबूत शपथ घेतली. ती वैध होती हे ठरायला २३ जुलै उजाडला. दोन महिने देशात दोन सरकारं!

सुनंदा वि.
पाच की सहा, यात अडकू नका. उमेदवारीच फक्त मताईंना मिळते, म्हणजे घराण्याचा किताब असलेल्यांना. १९९० च्या जनमत कौलापर्यंत मतही जवळजवळ फक्त तेच देत. आता मत २१ वर्षांवरच्या सगळ्यांना आहे, पण उभं राहणं अजून किताबावरच. किताब कोणाला द्यायचा ते सगळं कुळ बसून ठरवतं आणि बहुतेक वेळा तो पुरुषाकडे जातो. काही गावं तर बाईचा किताब मानतच नाहीत. मग निवडून येणार किती जणी? ही अट हलली नाही तर दहा टक्के ही ठिगळपट्टीच राहणार.

सागर_म
सुनंदाताई, मताई व्यवस्था इतकी सहज मोडीत काढू नका. गावच्या सभेत भांडणं मिटवणं, कुळाच्या जमिनीची देखभाल, सगळं तिच्यावर चालतं. आणि ती बायकांना बंद नाही. फियामे नाओमी माताअफा स्वतः मताई. त्याच निवडणुकीतून देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

सुनंदा वि.
उदाहरण चांगलं दिलंत. फियामे या पहिल्या पंतप्रधानांची मुलगी, सर्वोच्च घराण्यांपैकी एका घराण्यातली. तरी वडिलांच्या पश्चात तो किताब मिळवायला त्यांना तरुण वयात न्यायालयात जावं लागलं. ज्या बाईकडे ना असं घराणं ना कोर्टकचेरीचा पैसा, तिने काय करायचं? मी व्यवस्था मोडा म्हणत नाही. कुळाने किताब हवा त्याला द्यावा. फक्त संसदेचा अर्ज भरायला तो लागू नये, एवढंच.

अविनाश
किताबाच्या अटीबद्दल सुनंदाताईंशी बराचसा सहमत. पण ती बदलेपर्यंत सहावी जागा सोडायची नाही, यावर मी ठाम आहे.

मेधा_प
सोडा असं मीही म्हणत नाही. ती कधी भरायची, ते निवडणुकीआधीच कायद्यात लिहिलेलं असावं, आयुक्तांच्या मर्जीवर नको.