२०२३ च्या नवरात्रात कळसूबाई सोपं गेलं; यंदा २७ सप्टेंबरला जमेल का?

डोंबिवलीची सून (१४ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. सासूबाईंना (वय ६३) कळसूबाईची ओटी भरायची आहे. २०२३ च्या नवरात्रात, सातव्या माळेला, आम्ही गेलो होतो. वाट कोरडी ठणठणीत, ऊन कडक. शिड्यांपाशी रांग होती तेवढाच काय तो खोळंबा. आई अनवाणी चढल्या आणि आम्ही पोचेपर्यंत वर शेंगदाणे खात बसल्या होत्या!

यंदा शनिवार, २७ सप्टेंबर ठरतोय. पहाटेची कसारा लोकल, तिथून जीपने घोटी, मग पायथ्याचं बारी गाव. चढायला सुरुवात करेपर्यंत दहा वाजतील. सोबत मुलगा (११) आणि नवरा. त्याचा गुडघा दुखतो, पण ते तो कबूल करत नाही.

पाऊस आलाच तर रेनकोटवर भागेल ना? आणि आईंनी अनवाणी चढावं का? त्यांचा हट्ट आहे. मागच्या वेळी काही झालं नाही, हे त्या रोज ऐकवतात.

पावसाळी पाहुणा

अहो, भर जुलैत तिथे जत्रेसारखी गर्दी असते. लोक छत्र्या घेऊन चढतात. सप्टेंबरअखेरीला काय घाबरायचंय? जा बिनधास्त.

घोटीवाला

ताई, वरच्या पाहुण्यांचं ऐकू नका. जुलैचा पाऊस आणि परतीचा पाऊस ही दोन वेगळी जनावरं आहेत. जुलैत आभाळ सकाळपासून भरलेलं असतं, धुकं, वारा, झड, माणूस ओलाचिंब होऊन परत येतो. पण त्या पावसात विजा फारशा नसतात. परतीच्या पावसात असतात. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, अकरा वाजेतो घामाच्या धारा, बारा-एकला ढगांचे मनोरे आणि दोन-अडीचला गडगडाट. जमिनीत पाणी मुरलेलं असतं, त्यावर दिवसभर ऊन तापतं, ती सगळी वाफ दुपारी वर चढून डोंगरावर फुटते. आणि कळसूबाईची वाट म्हणजे लोखंडी शिड्या, रेलिंग, वर माथ्यावर साखळी. १६४६ मीटरवर, आसपास तुमच्याहून उंच काही नाही.

आता तुमच्या २०२३ बद्दल. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, त्यामुळे घटस्थापना १५ ऑक्टोबरला गेली. यंदा ती २२ सप्टेंबरला आहे. म्हणजे तुमची तेव्हाची सातवी माळ २१ ऑक्टोबरला होती, आणि आता तुम्ही त्याच्या जवळजवळ साडेतीन आठवडे आधी जाताय. पंचांगात दोन्हीकडे नवरात्रच, पण डोंगराला तिथी कळत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस बहुधा गेलेला असतो, सप्टेंबरच्या चौथ्यात तो अजून घरातच असतो. आमच्याकडे लोक "मागच्या नवरात्रात असं होतं" म्हणतात तेव्हा मी आधी विचारतो, तारीख काय होती?

माझी गोष्ट २०१९ ची. दसऱ्याआधीचा रविवार. मीही तुमच्यासारखाच दहाला निघालो होतो, वर लग्नघरासारखी गर्दी. शेवटच्या शिडीखाली पाऊण तास रांगेत. वर पोचलो, दर्शन घेतलं, आणि पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग किल्ले इतके स्वच्छ दिसत होते की सगळे मोबाईल तिकडेच वळलेले. मागे, पूर्वेला, काय चाललंय ते कुणी बघितलंच नाही. परतीच्या दिवसांत ढग बरेचदा तिकडूनच येतात. पहिला आवाज झाला तेव्हा मी मोजलं, वीज आणि गडगडाट यांत सतरा सेकंद. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा, म्हणजे सहाही नाही. खाली उतरायला रांग, वर यायलाही रांग, मध्ये ती शिडी. मी वाटेवरच्या विहिरीपाशी आलो तोवर पाऊस बदाबदा सुरू झाला होता. एका टपरीच्या ताडपत्रीखाली वीसेक माणसं, कोणी "चला शिडीवरून पटकन उतरू" म्हणत होतं आणि टपरीवाली मावशी त्यांना शिव्या घालत होती. बरोबर घालत होती. आवाज थांबून अर्धा तास झाल्यावर आम्ही उतरलो. शिडी इतकी गार आणि बुळबुळीत की माझ्या पुढचा धट्टाकट्टा पोरगा पाठमोरा होऊन, एकेका पायरीला कवटाळत, रडत उतरला. बारीत अंधार पडल्यावर पोचलो. टॉर्च माझ्याकडे नव्हता. हसू नका, मी तेव्हा वीस-बावीस वेळा जाऊन आलेलो होतो.

म्हणून तुमच्या बेतातली चूक पाऊस नाही, दहाची वेळ आहे. आदल्या रात्री बारीत नाहीतर भंडारदऱ्याला मुक्काम करा. साडेपाचला, उजाडण्याआधीच, पहिलं पाऊल टाका. आईंना धरून वर जायला चार तास लागतील असं गृहीत धरा, साडेदहाच्या पुढे माथ्यावर थांबू नका, बाराच्या आत सगळ्या शिड्या पायाखालून गेलेल्या हव्यात. तसं जमत नसेल तर जिथे असाल तिथून फिरा. वाटेत खालच्या टप्प्यावर देवीचं एक मंदिर आहे, ज्यांना वर जाववत नाही ते तिथे ओटी भरतात. त्यात कमीपणा नाही.

आणि अनवाणी? ऑक्टोबरअखेर चालेल. सप्टेंबरात कातळावर शेवाळ असतं, वरून सुकलेलं काळं दिसतं, खाली साबण. आईंना म्हणावं, देवळाच्या पायरीशी बूट काढा, तेवढं अनवाणी पुरे. नवऱ्याला काठी द्या. उतरताना त्याचा गुडघा कबूल करेल.

डोंबिवलीची सून

दादा, इतकं सविस्तर! आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तो घोटीचा आहे ना, मग ऐकू." बूट कबूल. पण २७ ला ढगाळ असलं, गडगडाट नसला, तर? आणि तो दामिनी ॲप कितपत खरा?

घोटीवाला

पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडतेय का ते सांगतं. चांगलं आहे, पण वाटेवर रेंज येते-जाते, म्हणून त्याच्या भरवशावर वर जाऊ नका. बारीतून निघताना बघा आणि मग डोळे-कान वापरा. आदल्या दिवशी हवामान खात्याचा नाशिक आणि अहिल्यानगर दोन्ही जिल्ह्यांचा इशारा बघा. शिखर अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यात, पण नाशिक जिल्हा बाजूलाच. ऑरेंज अलर्ट असेल तर घरी थालीपीठ करा.

गुडघा क्लब

ताई, नवरोबांसाठी: उतरताना पावलं छोटी, काठी पुढे. आणि उन्हाच्या कपड्यांवर जाऊ नका, वर गावापेक्षा चार-पाच अंश कमी असतं आणि घाम आलेल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते. कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. प्रसाद पण पिशवीत आत ठेवा, माकडांना ओटीचा नारळ फार आवडतो.

डोंबिवलीची सून (१३ ऑक्टोबर)

वृत्तांत द्यायचा राहिला. २६ ला संध्याकाळी इशारा बघितला, बेत रद्द केला. २८ ला बातम्यांत नाशिकची गोदावरी बघून आई गप्पच झाल्या. मग नवरात्र संपलं म्हणून रुसल्या. दोन दिवस "आता कसली ओटी" चालू होतं. शेवटी त्यांच्याच मैत्रिणीने कोजागरीनंतर जाऊन ये म्हटलं, तेव्हा मानल्या. (आम्ही आठ दिवस तेच सांगत होतो.)

शुक्रवारी रात्री बारीत एका घरी मुक्काम, पिठलं-भाकरी. शनिवारी, ११ ला, पाच चाळीसला निघालो. पहिला तास धुक्यात, मुलगा टॉर्च लावून पुढे. सोनकीची पिवळी फुलं उतारावर अजून होती, मला वाटलं संपली असतील. शिडीपर्यंत आई बुटांवर कुरकुरल्या, पहिल्या शिडीनंतर काहीच बोलल्या नाहीत. नऊ पस्तीसला माथा. गर्दी अजिबात नाही. ओटी भरली, देवळाशी बूट काढून पाच मिनिटं बसल्या. मी पूर्वेला बघत होते, नवरा म्हणाला तू देव बघायला आलीस की ढग. पाहिले, दूर होते, पांढरे. दहाला उतरायला लागलो.

शेवाळ खरंच साबण आहे. विहिरीजवळच्या कातळावर नवरा बसकण मारून दोन फूट घसरला, काही लागलं नाही, पण त्यानंतर काठी त्याने सोडली नाही. बारीत पावणेदोनला चहा घेतला. गडगडाट त्या दिवशी झालाच नाही, त्यावरून तो मला चिडवतोय.

एक घोळ झालाय. ती काठी मधल्या टपरीवरच्या मावशींची होती, त्यांनी "उतरताना ठेवून जा" म्हटलं होतं. आता ती आमच्या दाराच्या मागे उभी आहे. घोटीवाले दादा, तुम्ही कधी जाताय तिकडे?

घोटीवाला

पुढच्या रविवारी. पण काठी घ्यायला मी डोंबिवलीला येणार नाही. जानेवारीत आईंना घेऊन या, वाट तेव्हा पुन्हा वेगळी असते, गवत वाळून मुरमाचा घसारा होतो. काठी लागेल.