मदत हवी आहे : नामदाफाजवळच्या जंगल लॉजवर सहा आठवडे शिकवायला जायचे आहे, आधी काय ठरवून घ्यावे?

नमस्कार.

मी नाशिकची. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, नामदाफा राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर, नोआ-दिहिंग नदीच्या काठी एक लहानसे लाकडी जंगल लॉज आहे. जानेवारीच्या मध्यापासून सहा आठवडे येऊन शिकवाल का, अशी तिथल्या मालकांनी विचारणा केली आहे. सकाळी लॉजवर काम करणाऱ्यांची आणि शेजारच्या वस्तीतली मुले, तर संध्याकाळी पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेणारे चार-पाच गाईड, असे दोन वर्ग घ्यायचे आहेत. मानधन नाही, राहण्याची सोय त्यांच्याकडे आणि जेवणाचे पैसे माझ्याकडे. ही व्यवस्था मला मान्य आहे. तरीही निघण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात असे वाटते, आणि त्यामागे एक जुना अनुभव आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पालगतच्या लॉजवर (नाव लिहीत नाही) मी बारा दिवस असेच शिकवायला गेले होते. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून सकाळच्या सफारीहून परतलेले पाहुणे वर्गात मागे येऊन बसू लागले आणि मग वर्गाची वेळच त्यांच्या न्याहारीनंतरची ठरली. एक मुलगी फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस करत होती. दशक सुटा करून दोनाचे बारा लिहून झाले होते आणि तेवढ्यात मागून फर्माईश आली, की मुलांनी एखादी कविता म्हणून दाखवावी. ती खडू हातात धरूनच कविता म्हणू लागली. ती वजाबाकी त्या दिवशी पुरी झाली नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, हा दोष माझाच; पण शिकवणे म्हणजे पाहुण्यांच्या करमणुकीचा एक कार्यक्रम, असे पुन्हा होऊ द्यायचे नाही.

आता प्रवासाविषयी. मुलांसाठी पुस्तके, मोजणीचे मणी, अपूर्णांकांच्या चकत्या असे सामान चाळीस किलोंच्या घरात जाते आणि विमानात पंधरा किलोंच्या पुढे पैसे मोजावे लागतात, म्हणून मी रेल्वेचा विचार केला आहे. नाशिक रोडहून गुवाहाटीपर्यंत दोन दिवसांहून अधिक, तिथे एक रात्र मुक्काम, दुसऱ्या रात्रीच्या गाडीने तिनसुकिया, आणि पुढे दिगबोई, मार्गेरिटा, लेडो, जागुन या वाटेने सुमोने उद्यानाजवळचे मियाओ गाव. मियाओपासून देबान, म्हणजे उद्यानातला वन विभागाचा तळ, साधारण पंचवीस किलोमीटर आहे आणि लॉज त्याच रस्त्यावर आहे. घर सोडल्यापासून पाचव्या दिवशी पोहोचेन असा अंदाज आहे. लेकीचे म्हणणे असे, की सामान आधी पार्सलने पाठवून मी दिब्रुगढपर्यंत विमानाने जावे. पार्सल तिनसुकियाच्या पुढे वेळेत पोहोचते का, हे तिकडे राहिलेल्या कोणी सांगितल्यास हा घरगुती वाद मिटेल. अरुणाचलात शिरायला लागणारा इनर लाइन परवाना ऑनलाइन काढता येतो, पण पर्यटकांचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो. मुदतवाढीचे काम तिथे बसून कसे होते?

शिकवण्याच्या बाबतीत मात्र मला वाटले होते त्याहून अधिक तयारी लागणार, असे दिसते. मालकांकडून मी मुलांच्या वह्यांचे फोटो मागवले होते. एका वहीत रोमन मोठी अक्षरे होती, पण त्यांतली कित्येक डोक्यावर उभी, काही उलट्या तोंडाची. हे मूल अक्षरे उलटी काढते, याला आधी गिरवायला बसवावे लागेल, अशी नोंद मी करूनही टाकली होती. नंतर कळले की ती लिसू या तिथल्या जमातीच्या भाषेची लिपी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सारा बा थॉ हे म्यानमारमधल्या करेन समाजाचे धर्मोपदेशक आणि जेम्स फ्रेझर हे मिशनरी यांनी ती घडवली आणि लिसू लोकांचे बायबल याच लिपीत आहे. मुलाने आईकडून शिकलेले अक्षर अगदी बरोबर काढले होते. तिथे लाल शाई वापरली असती तर पहिल्याच दिवशी सगळे बिघडले असते. वर्गात लिसूंबरोबर चकमा, तांगसा आणि सिंगफो मुलेही असणार. त्यांची आपसातली भाषा हिंदी आणि शाळेचे माध्यम इंग्रजी.

गाईडांची गरज निराळी आहे. १९८३ साली राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलात लोक प्रामुख्याने पक्ष्यांसाठी येतात. धनेशाच्या अनेक जाती आणि जगात अगदी थोडा उरलेला पांढऱ्या पोटाचा बगळा यांची इंग्रजी नावे या मंडळींना तोंडपाठ आहेत. मला त्यांतली निम्मीही येत नाहीत. अडते ते पक्षी कुठे बसला आहे हे सांगताना. फोनवर एका गाईडला मी विचारले, तर तो म्हणाला, "मैडम, सूखा पेड़ का दाहिना हाथ में, दो डाल नीचे." हे वाक्य पक्षी उडून जाण्याआधी इंग्रजीत सांगता यावे, एवढेच त्याला हवे आहे. मला हा अभ्यासक्रम फार आवडला.

माझे मुख्य प्रश्न असे : वर्गात पाहुणे बसणार नाहीत आणि मुलांचे फोटो कोणत्याही जाहिरातीत जाणार नाहीत, हे मालकांकडून लेखी मागणे तिकडच्या रीतीला सोडून होईल का? आणि सहा आठवड्यांनी मी परतल्यावर शिकवणे पुढे चालू राहावे यासाठी आधीपासून काय करावे?

प्रतिसाद

ताई, मी दोन हिवाळे मियाओच्या परिसरात पक्षी-नोंदींच्या कामासाठी राहिलो आहे, म्हणून थोडे लिहितो. पुस्तकांपुरते पार्सल डाकेने मियाओच्या पत्त्यावर तीन-चार आठवडे आधी पाठवा आणि आपण विमानाने या. पाच दिवसांच्या प्रवासानंतर दोन दिवस अंग धरते, ते दिवस वर्गातून वजा होतात. परवान्याच्या मुदतवाढीसाठी स्थानिक माणसाची हमी उपयोगी पडते, तेव्हा ते काम मालकांवर सोपवा. उद्यानात आत जायचे असल्यास क्षेत्रसंचालकांची परवानगी वेगळी लागते आणि ते कार्यालय मियाओतच आहे.

लेखी मागण्यात वावगे काही नाही, मात्र पत्र पाठवण्याआधी फोनवर बोला. नुसता कागद आला तर अविश्वास वाटतो. आणि मालकांशी बोलणे झाले तरी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी भेटा. मुले त्यांची आहेत, लॉजची नाहीत. संध्याकाळच्या वर्गाची वेळ मात्र बदला. जानेवारीत तिकडे साडेचार-पाचलाच अंधारते, आणि पहाटे चारला उठलेला गाईड सातला पेंगत असतो. दुपारी दोन ते साडेतीन बरे. डिमडाम नावाच्या बारीक माश्या चावतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणा. रक्तदाबाची वगैरे औषधे सहा आठवड्यांची सोबत असू द्या, कारण मोठे रुग्णालय म्हणजे थेट दिब्रुगढचे आसाम मेडिकल कॉलेज.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. काल मालकांशी फोनवर बोलले. पाहुण्यांविषयीची अट त्यांनी लगेच मान्य केली. फोटोंविषयी "आईवडिलांना विचारून ठरवू" म्हणाले, आणि तेच अधिक योग्य वाटते. गाईडांचा वर्ग दुपारी दोनला ठरला. वस्तीतली बारावी झालेली एक मुलगी पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर वर्गात उभी राहील आणि चौथ्या आठवड्यापासून तीच शिकवील, मी मागे बसेन, असेही ठरवले आहे. तिला लिसू लिपी येते. मुळाक्षरांचा एक तक्ता तिच्याकडून मागवला असून सध्या स्वयंपाकघराच्या दारावर लावून गिरवते आहे. लेक मात्र विमानावर ठाम आहे आणि आता मीही फार ताणून धरणार नाही.

एकच राहिले : मोजणीच्या मण्यांच्या लाकडी पाट्या डाकेने पाठवल्या तर फुटतात का? कोणी लाकडी सामान तिकडे पाठवले असल्यास, बांधणी कशी केली होती ते जरूर कळवावे.